मीटिंगला जायचं की दर्यावर? मच्छीमारांच्या सहभागाचा खर्च कुणी करायचा?

भांगाची_भरती

मंडळी, मी पालघर जिल्ह्यातल्या एका बंदरावरचा. घरात तीन पिढ्यांची डोलीची मासेमारी. मी शिकलो, चार वर्षं नोकरी केली आणि परत होडीवर आलो.

मागच्या महिन्यात एका सरकारी बैठकीचं बोलावणं आलं. विषय चांगला होता : पूर्ण वाढ न झालेली मासळी पकडू नये म्हणून काय करता येईल. पत्र दोन दिवस आधी हातात पडलं. वेळ सकाळी अकरा, ठिकाण जिल्ह्याचं गाव, दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा. डोलवाल्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितो. डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधलेली मोठी पिशवी. ती पाण्याच्या ओढीवर भरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी ओढतं आणि जाळ्यात बोंबील, करंदी, जवळा येतो. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं, तेव्हा आम्ही जाळी सांधतो आणि लग्नकार्यं उरकतो. म्हणजे पंधरवड्यात कमाईचे दिवस मोजके, आणि बैठक नेमकी त्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी ठेवलेली.

बाबा म्हणाले, होडी जाईल, तू मीटिंगला जा. एक माणूस कमी घेऊन ते दर्यावर गेले. बैठक पावणेएकला सुरू झाली. आमच्या बाजूला सात जण होते. चौघे मोठ्या बोटींचे मालक, एक व्यापारी, एक सोसायटीचे पदाधिकारी आणि मी. बाई एकही नाही. खलाशी एकही नाही. मला बोलायला दोन मिनिटं मिळाली. जवळ्याच्या डोलीला बारीक आसच (जाळ्याचं भोक) लागतो, जवळा पूर्ण वाढला तरी करंगळीएवढाही होत नाही, तेव्हा सगळ्या जाळ्यांना एकच आस लावू नका, एवढंच सांगून झालं. हजेरीच्या कागदावर सही केली. पुढे इतिवृत्तात वाचलं : ‘मच्छीमार प्रतिनिधींशी सविस्तर चर्चा करण्यात आली.’

त्या दिवशीचा माझा वाटा गेला. रिक्षा, लोकल, जेवण खिशातून. मला त्याचं दुःख नाही, मी परतही जाईन. पण माझ्या शेजारचा तांडेल (होडीचा म्होरक्या) कधीच जाणार नाही, आणि मासळीची अक्कल माझ्यापेक्षा त्याला दसपट आहे.

माझं मत सांगतो. मच्छीमारांचा सहभाग खरंच हवा असेल तर बुडालेल्या भरतीचा रोज द्यावा लागेल, आणि तो मदत म्हणून नाही, व्यवस्थापनाच्या खर्चाचा भाग म्हणून. तुमच्याकडे कसं चालतं? कुठे असे पैसे मिळतात का? आणि कुणी द्यावेत?

खाडीकाठची

पत्र दोन दिवस आधी आलं म्हणजे नशीबवान आहात. आमच्या सोसायटीत बैठक झाल्यावर पत्र आलंय.

रापणकर_मालवणी

आमच्या मालवणात रापण लागली काय सगळो गाव दोरयेर येता. मीटिंगची नोटीस लागली काय कोण येता? ज्याचो पोट रापणीर नाय तो येता. तुमचा म्हणणा शंभर टक्के खरा.

प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. रापण म्हणजे सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सिंधुदुर्गात वीस-पंचवीस वर्षं आमचा झगडा पर्ससीनशी (माशांचा थवा वेढून एकदम उचलणारं मोठं जाळं), आता एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीशी आणि परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरशी आहे. डॉ. सोमवंशी समितीने अभ्यास केला, त्यावरून ५ फेब्रुवारी २०१६ चा शासन आदेश निघाला. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने आणि ठरावीक क्षेत्र. तो आदेश निघायच्या आधी आमच्या माणसांनी किती वेळा मुंबई गाठली याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. रातराणीने जायचं, मंत्रालयाच्या पासासाठी रांगेत उभं राहायचं, साहेब दौऱ्यावर असले तर परत यायचं. वर्गणी काढली, बायकांनी मासळीच्या पाटीमागे पैसे बाजूला ठेवले. समोरच्या बाजूकडे वकील होते. म्हणून विचारतो, सहभागाला पैसे आजही खर्च होतातच की. फक्त ते गरिबाच्या खिशातून होतात.

निवृत्त_बंदरवाला

मी मत्स्य खात्यात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. धागाकर्त्याची तक्रार खरी आहे आणि दुसऱ्या बाजूने मी तिचा भागीदार होतो, हे मान्य करून लिहितो.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात सल्लागार समितीची कल्पना पहिल्यापासून आहे. सरकारने निर्बंध घालण्याआधी सल्ला घ्यावा, असं ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही वाटलं होतं. अडचण पुढची आहे. समितीवर रीतसर नेमलेल्या अशासकीय सदस्याला प्रवासभत्ता, दैनिक भत्ता देता येतो. पण मी पाहिलेल्या बहुतेक बैठकांत मच्छीमार ‘निमंत्रित’ असायचे. निमंत्रिताला चहा-बिस्किटं. त्यासाठी लेखाशीर्षच नाही, मग बिल काढायचं कशातून? जनजागृती मेळाव्याच्या मंडपाला पैसे निघत, कारण मंडपाला शीर्ष होतं.

तारीख कशी ठरायची तेही सांगतो. वरिष्ठांचा मोकळा दिवस बघून. आमच्या टेबलावर भरती-ओहोटीचं कोष्टक असायचं, पण ते गस्ती नौकेसाठी. बैठकीची तारीख ठरवताना ते उघडावं हे मला वीस वर्षांत सुचलं नाही. आज वाचून वाईट वाटलं.

पाटीवाली

मी लिहू का? मी मासळी विकते, मुलगी टाईप करून देते.

बारकं पापलेट कुणाला पहिल्यांदा दिसतं? होडीवाला जाळं ओततो तेव्हा तो घाईत असतो. बंदरावर लिलावात ढिगाला हात घालतो तो आम्ही. सप्टेंबरात कधी ढीग उपसला की तळहातावर चार मावतील अशी पापलेटं निघतात. मी ती घेत नव्हते तर दुसरी घ्यायची, म्हणून मी पण घेतली. विकताना गिऱ्हाईक म्हणतं, किती गोड आहेत, तव्यावर अख्खी बसतात. रात्री झोपताना मला वाटतं की आज मी पुढल्या वर्षीचं खाल्लं.

आता नियम आला की १३५ मिलीमीटरच्या खालचं सिल्व्हर पापलेट पकडायचं नाही. चांगला नियम. पण मोजपट्टी कुणाच्या हातात देणार? आमच्या बंदरावर आम्ही तीसेक जणी आहोत. आम्ही ठरवलं की बारकं घ्यायचं नाही, तर लिलावात त्याला बोलीच लागणार नाही. मग कोण कशाला धरून आणील? आम्हाला हे कुणी विचारलं नाही. बोलावलं तर मी येईन, पण माझी त्या दिवसाची पाटी कोण विकणार? सकाळची मासळी दुपारी अर्ध्या भावाची होते. बसायला जागा नाही मिळाली तरी चालेल, पण तेवढी भरपाई हवी.

खाडीकाठची

मावशी, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे. आमच्याकडे वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) बोंबील सुकवणाऱ्या बायका आहेत. अवकाळी पाऊस आला की एका तासात महिन्याची कमाई सडते. सुक्या मासळीच्या धोरणावरच्या बैठकीलासुद्धा त्यांना बोलावणं नसतं.

रोखठोक_ठाणेकर

कुणाला राग येऊ नये, पण विरुद्ध मत मांडतो. मी मच्छीमार नाही, खाणारा आहे. पैसे देऊन बैठकीला बोलावलं तर बैठकीलाच जाणारी माणसं तयार होतात. सहकारात, ग्रामपंचायतीत बघितलंय. भत्ता सुरू झाला की तोच तो चेहरा सगळ्या समित्यांवर. ज्याला समुद्राची काळजी आहे त्याने एक दिवस स्वतःच्या खर्चाने यावं. शेतकरी येतात, गिरणी कामगार आले. हक्क मागायला भत्ता कसला?

भांगाची_भरती

@रोखठोक, राग नाही. पण आपण दोन गोष्टी एक करताय. मोर्चाला मी माझ्या खर्चाने जातो आणि जाईन. ती माझी मागणी असते. इथे सरकार मला बोलावतंय, माझ्याकडे असलेली माहिती मागतंय आणि तिच्यावर नियम बनवणार आहे. त्या टेबलावर शास्त्रज्ञ आहेत, अधिकारी आहेत, सल्लागार कंपनीचा माणूस आहे. त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या दिवसाचा पगार चालू आहे. बिनपगारी फक्त मी, आणि निर्णयाचा सगळ्यात जास्त भार माझ्यावरच.

त्याच त्या चेहऱ्यांचं म्हणाल तर ते आत्ताच आहेत. ज्याला दिवस बुडवणं परवडतं तोच येतो.

ग्लॉस्टरचा_पाहुणा

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, ग्लॉस्टर बंदराजवळ. मूळचा अलिबागचा, त्यामुळे या विषयाची ओढ आहे. इथली पद्धत थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्याने आठ प्रादेशिक परिषदा झाल्या. आमच्याकडची न्यू इंग्लंडची. परिषदेत सरकारी अधिकारी असतात, तसेच मासेमारीतले आणि इतर जाणकार लोक राज्यपालांच्या शिफारशीवरून नेमलेले असतात. जे सरकारी नोकर नाहीत अशा मतदार सदस्यांना बैठकीच्या दिवसाचा रोज कायद्यानेच मिळतो, वरच्या श्रेणीच्या सरकारी पगाराच्या दराने. प्रवास, मुक्काम वेगळा. हा खर्च केंद्र सरकार उचलतं. बैठका उघड्या असतात, कुणीही मायक्रोफोनपुढे उभं राहून बोलू शकतं. मी एकदा सहज जाऊन बसलो होतो. कॉड माशाच्या कोट्यावर चर्चा चालली होती. एक म्हातारा कोळी (इथला) उठला आणि त्याने कुठल्या खडकापाशी कोणत्या महिन्यात मादी कॉड मिळायची आणि आता मिळत नाही हे वर्षांसकट सांगितलं. समोरचे लिहून घेत होते.

पण सगळं गोड नाही. परिषदेच्या हाताखाली मच्छीमारांचे सल्लागार गट असतात, त्यांना फक्त प्रवासखर्च मिळतो, रोज नाही. लहान होडीवाल्यांची तिथेही हीच तक्रार आहे की सदस्य होतात ते मोठे. आणि एवढं सगळं असून न्यू इंग्लंडचा कॉड वाचला नाही, साठा कोसळलेलाच आहे. त्यामुळे पैसे दिले की समुद्र भरतो असं मी म्हणणार नाही. माणूस खोलीत येतो, एवढं नक्की.

सागरशास्त्र_विद्यार्थिनी

युरोपचंही टाकते. तिथे २००४ पासून प्रादेशिक सल्लागार परिषदा आहेत, पहिली उत्तर समुद्राची. सुरुवातीला युरोपीय संघाने ठरवलं होतं की पाच वर्षं मदत द्यायची, दरवर्षी कमी करत जायची, मग त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं. ते जमणार नाही हे लवकरच कळलं आणि २००७ मध्ये नियम बदलून कायमस्वरूपी निधी ठेवला. भाषांतराचा खर्चही त्यातूनच, कारण डॅनिश मच्छीमार आणि फ्रेंच मच्छीमार एका टेबलावर बसतात. भाषांतराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मसुदा इंग्रजीत येतो, हरकती मागवायची मुदत तीस दिवस, आणि तो मराठीत समजेपर्यंत मुदत संपलेली असते.

आणखी एक. २०१४ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्याआधी जगभरात गावोगाव सल्लामसलत झाली, १२० हून अधिक देशांतले ४००० पेक्षा जास्त लोक बोलले. त्या कामात चेन्नईच्या एका संस्थेचा मोठा वाटा होता आणि तिच्या कार्यकारी सचिव होत्या चंद्रिका शर्मा. मार्च २०१४ मध्ये त्या याच संघटनेच्या बैठकीला मंगोलियाला निघाल्या होत्या. मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या एमएच ३७० विमानात त्या होत्या. ती तत्त्वं त्यांना अर्पण केली आहेत. त्यांच्या पिढीने मच्छीमारांना आंतरराष्ट्रीय खोलीत नेऊन बसवलं. त्या तत्त्वांत साफ लिहिलं आहे की लहान मच्छीमारांना, बायकांसकट, निर्णयात घ्या आणि त्यासाठी त्यांच्या संघटनांची क्षमता वाढवा. भारताने ती स्वीकारली आहेत. बंदरावर मात्र ती पोचायची आहेत.

तांडेलाचा_नातू

मना एक सांगा, दर्यान जाल टाकाचा का मीटिंगन बसाचा? आमचा आजा बोलायचा, दर्या कोनाची वाट बघत नाय. 

मीटिंग आमचे बंदरावं लावा ना. सायबाचे गारीला पेट्रोल हाय, आमचे होरीला डिझेल घ्याचा हाय.

निवृत्त_बंदरवाला

@तांडेलाचा_नातू, अगदी बरोबर. बंदरावर, संध्याकाळी, भांगाच्या दिवसांत. यासाठी तर एक रुपयाचीही नवीन तरतूद लागत नाही. पण जिल्ह्याची आणि राज्याची बैठक तरीही मोठ्या गावात होणार, आणि गुजरात-महाराष्ट्राची झालीच तर आणखी लांब. तिथे खर्च लागणारच.

हा दोन राज्यांचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढतो. बोंबील आणि पापलेट डहाणूच्या पुढे सीमा बघून थांबत नाहीत. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, पुढे केंद्राचा. गुजरातची बोट आपल्या हद्दीत, आपली त्यांच्या, यावरून समुद्रात भांडणं होतात. दोन्हीकडच्या मच्छीमारांनी एका टेबलावर बसावं अशी कायमची जागा नाही. पश्चिम किनाऱ्यावर राज्यांनी कमीअधिक फरकाने मिळून पाळलेली एकच ठळक गोष्ट म्हणजे पावसाळ्यातली बंदी, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची.

रापणकर_मालवणी

आणि त्या बंदीतसुद्धा मच्छीमाराची अक्कल कायद्याच्या पुढे होती. जुने लोक नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नसत. काही वर्षी ती ऑगस्टच्या शेवटापर्यंत जायची. गावाने बंदी पाळली की गस्ती नौका लागत नव्हती. आता ३१ जुलैच्या मध्यरात्री बोटी सुटतात, कारण शेजारचा सुटणार असतो.

मिरकरवाड्याहून

मी मिनी पर्ससीनवाला. इथे बहुतेक सगळे पारंपरिक बाजूचे दिसतात, तरी लिहितो.

आम्हाला खलनायक ठरवून झालेलं आहे. माझं बोटीचं कर्ज आहे, माझ्या बोटीवर नेपाळहून आलेले खलाशी आहेत, त्यांची घरं माझ्यावर आहेत. २०१६ चा आदेश आला तेव्हा मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. २०२१ ला कायदा दुरुस्त झाला, दंड लाखांत गेले, आधी तहसीलदारासमोर चालणारं प्रकरण खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेलं. हे मला कारवाईची नोटीस बघून कळलं. आमच्या संघटनेचे पुढारी बैठकीत असतील, पण तेही वीस बोटींचे मालक. माझी एक.

सहभागाला पैसे द्यायचे असतील तर ते फक्त रापण आणि डोलवाल्यांना देऊ नका. ज्याच्यावर नियम लागणार त्याला बोलवा. मी समोर बसलो आणि मावशी म्हणतात तसं बारकं पापलेट माझ्या जाळ्यातून किती येतं हे सगळ्यांसमोर मोजलं गेलं, तर मला पटेल किंवा मी पटवीन. न बोलावता घातलेला नियम मी पाळतो तो पकडला जाईन म्हणून. खोटं कशाला बोलू?

रापणकर_मालवणी

तुमच्याशी माझा वाद आहे आणि राहील, पण तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मला आवडलं. या एकदा मालवणात. रापण ओढायला हात लावा, मग बांगड्याचं तिखलं खाऊन भांडू.

सागरशास्त्र_विद्यार्थिनी

खलाशांचा मुद्दा @मिरकरवाड्याहून यांनी ओझरता काढला. तो राहून जाऊ नये. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी, कर्नाटकी, उत्तर प्रदेशी खलाशी आहेत. बंदी आली, बोट थांबली की पहिला रिकामा होतो तो खलाशी. त्याला कुठल्याच समितीत जागा नाही, सोसायटीचं सभासदत्वही नाही.

अवांतर_पण_खमंग

विषय गंभीर आहे, पण बांगड्याच्या तिखल्याचं नाव निघालं आणि मी उपाशी आहे. तिरफळं घालून का बिन तिरफळाचं?

रापणकर_मालवणी

तिरफळाशिवाय तिखला? असा विचारूक पण नये.

केरळात_स्थायिक

कोचीला अठरा वर्षं. केरळने २०१७-१८ मध्ये आपला सागरी मासेमारी कायदा दुरुस्त केला आणि गाव, जिल्हा आणि राज्य अशा तीन पातळ्यांच्या मत्स्य व्यवस्थापन परिषदा कायद्यात घातल्या. लहान मासळीची किमान लांबीही देशात पहिल्यांदा केरळनेच लागू केली, २०१५ मध्ये. कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे, तिथल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं. भारतात पहिलंच. तिथे शिंपले काढणारे, निर्यातदार, शास्त्रज्ञ आणि सरकार यांची एक परिषद आहे. बंदीचे महिने आणि जाळ्याचा आस शिंपलेवाले पाळतात, कारण ठरवताना ते होते. माल परदेशात जातो म्हणून निर्यातदारालाही ते टिकावं असं वाटतं, आणि बाहेरच्या संस्थांनी प्रमाणपत्राच्या खर्चाला हात दिला. एकाच जागची, एकाच जातीची मासेमारी असल्यामुळे हे सोपं झालं हेही खरं. मुंबईसमोरच्या समुद्रात एका जाळ्यात पंचवीस जाती येतात.

रोखठोक_ठाणेकर

मी वरचं सगळं वाचलं. पाटीवाली मावशींचा प्रतिसाद दोनदा. माझं मत थोडं हललंय. पण प्रश्न उरतोच : पैसे दिले कुणी, तर बोलणार त्याच्या बाजूने. सरकारने रोज दिला तर मच्छीमार सरकारविरुद्ध बोलेल का? बंदराच्या कंपनीने दिला तर कंपनीविरुद्ध?

भांगाची_भरती

@रोखठोक, हा खरा प्रश्न आहे आणि मला त्याची धास्ती वाटते. आमचा डिझेलचा परतावा, जाळ्याचं अनुदान, होडीचा परवाना सगळं एकाच कार्यालयातून येतं. त्या कार्यालयाच्या बैठकीत त्यांच्या चुकीवर बोट ठेवताना आत्ताही माणूस दोनदा विचार करतो. परतावा आधीच महिनोन् महिने अडकलेला असतो. त्यात बैठकीचा रोजही त्यांच्याच सहीने निघाला तर तोंड आणखी बंद.

कंपनीच्या पैशाला मी हात लावणार नाही. डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराच्या जनसुनावणीच्या वेळी आमच्या पट्ट्यात जे वातावरण होतं ते बघितल्यावर तर नाहीच.

निवृत्त_बंदरवाला

यावर उपाय आहे, आणि तो नवीन नाही. पैसे खात्याने द्यायचे पण वाटायचे नाहीत. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेली रक्कम मच्छीमार सहकारी संस्थांच्या संयुक्त खात्यात टाकायची. बैठकीला कुणाला पाठवायचं ते बंदराने ग्रामसभेसारखी सभा घेऊन ठरवायचं. दर आधीच जाहीर. अधिकाऱ्याने फक्त हजेरी प्रमाणित करायची, माणूस काय बोलला त्याच्याशी बिलाचा संबंध नाही. पैसे कुठून? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० ला आली ती २०,०५० कोटींची. जेट्ट्या, शीतगृहं, बोटी यांना पैसे आहेत. त्यातला किंवा राज्याच्या योजनेतला अगदी लहानसा भाग या शीर्षाखाली ठेवणं हा धोरणाचा प्रश्न आहे, तिजोरीचा नाही. बंदीच्या काळातल्या बचत-मदत योजनेत मच्छीमाराचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून ४५०० रुपये थेट खात्यात जमा होतात. म्हणजे खातं, यादी, पद्धत तयार आहे.

खाडीकाठची

सोसायटीच्या खात्यात नको हो साहेब. सोसायटीत बायका सभासद किती, विचारा. ज्याच्या नावावर होडी तो सभासद. पैसे तिथे गेले की पाटीवाली, वलांडीवाली आणि खलाशी तिघेही बाहेर.

निवृत्त_बंदरवाला

बरोबर. चूक दाखवलीत. मग बंदराची सभा, आणि तीत बायकांच्या आणि खलाशांच्या जागा ठरवून. रोज थेट त्या माणसाच्या खात्यात.

पाटीवाली

आणि जो जाईल त्याने परत येऊन बंदरावर सांगायचं, काय झालं ते. लिलावाच्या आधी. तेव्हा सगळे असतात. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी दुसरा जाईल.

रोखठोक_ठाणेकर

मावशी, तुम्ही माझ्या पहिल्या प्रतिसादाचं उत्तर दोन ओळीत दिलंत. तेच ते चेहरे यातून मोडतील. पटलं.

वरळीचो_पोर

उशिरा आलो. आमचं उदाहरण नोंदवून ठेवतो. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून वरळीच्या क्लीव्हलँड बंदराच्या होड्या जायच्या होत्या. दोन खांबांमधलं अंतर साठ मीटर ठरलेलं. आमची माणसं म्हणत होती दोनशे ठेवा, वाऱ्यात आणि पाण्याच्या ओढीत होडी सरळ रेषेत जात नाही. कागदावर साठ मीटर पुष्कळ दिसतं. काम अडवलं, महिनोन् महिने होड्या आडव्या लावून बसलो, धंदा बुडाला तो बुडालाच. शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर झालं. आराखडा कागदावर असताना चार तांडेलांना एक दिवसाचा रोज देऊन होडीत बसवून नेलं असतं तर त्या खर्चात किती वाचलं असतं, याचा हिशोब कुणी करेल का?

ग्लॉस्टरचा_पाहुणा

हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. इथल्या मित्रांना भाषांतर करून सांगणार आहे.

भांगाची_भरती

सगळ्यांचे आभार. एवढं लिहून येईल असं वाटलं नव्हतं. काल बंदरावर बाबांना आणि दोन तांडेलांना धाग्यातलं वाचून दाखवलं. वरळीचं ऐकून शेजारचा तांडेल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पुढच्या मीटिंगला मी येतो, पण भांगाची तारीख घे.

म्हणून पत्र लिहायला घेतलंय. मागण्या तेवढ्याच ज्या इथे निघाल्या. पहिली बैठक आमच्या बंदरावर, संध्याकाळी, तारीख भरतीचं कोष्टक बघून. मसुदा पंधरा दिवस आधी मराठीत. बोलावलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाचा रोज, त्याच्या किंवा तिच्या खात्यात. निम्म्या जागा बायकांच्या. खलाशी दोन तरी. पर्ससीनवाल्यांनाही बोलावणं, हेही घातलंय. घरात त्यावरून अर्धा तास वाद झाला, पण घातलंय. आणि इतिवृत्त मंजूर व्हायच्या आधी बंदरावर वाचून दाखवायचं.

तारीख म्हणून मी अष्टमी लिहिली आहे. कुणाला काही सुचतंय?

तांडेलाचा_नातू

आष्टमीला पानी आजून ओरतंय. दशमी घे.

भांगाची_भरती

दशमी केली. पत्र उद्या टाकतो.

पाटीवाली

माझं नाव घाला. सही करायला येते.